वीस टक्के हात आणि पूर्ण थांबलेलं काम

प्रश्न : वकीलताई, माझे मिस्टर गवंडीकाम करतात, वय 38. आठवडाभर कराडला साइटवर असतात, शनिवारी पगार घेऊन तासगावला घरी येतात. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात येताना कराड तालुक्यातच मागून पिकअपने त्यांच्या मोटरसायकलला उडवलं. उजवं मनगट मोडलं, प्लेट घातली. आता मूठ मिटत नाही. सरकारी दवाखान्यातून 20 टक्के अपंगत्वाचा दाखला मिळाला. दवाखान्यात भेटलेला एक एजंट म्हणतो, वीस टक्क्यांत काही हाती लागत नाही. पिकअपचा मालक 60 हजार देतो म्हणतोय, पण ‘आमची काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही मागतो. यांनी हेल्मेट घातलं नव्हतं. पगाराची स्लिप नाही, सगळा रोख हिशोब. केस कराडलाच करावी लागेल का? घर सध्या माझ्या शिलाईवर चाललंय.
— एक भगिनी, तासगाव

उत्तर : ताई, त्या कागदावर सही करू नका. मिस्टरांनाही करू देऊ नका. मालकाला पोलीस केस मिटवायची आहे. पण उद्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या कोर्टात, हाच कागद विमा कंपनीचा वकील तुमच्यासमोर धरेल. दवाखान्याच्या खर्चाला मालकाने पैसे दिले तर जरूर घ्या, पावतीवर मात्र ‘औषधोपचारासाठी मिळाले’ एवढंच लिहा. भरपाईचा मोठा भार बहुतेक वेळा मालकाच्या खिशावर पडतच नाही, विमा कंपनीवर पडतो. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा, म्हणजे त्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा, सक्तीचा आहे. अपघाताच्या तारखेला तो चालू होता का, हे गाडीचा नंबर टाकून एम-परिवहन अ‍ॅपवर बघता येतं.

आता त्या वीस टक्क्यांबद्दल. तुमच्या प्रकरणाचा जीव इथेच आहे. दाखल्यावरचे 20 टक्के हे शरीराचं मोजमाप झालं. भरपाई ठरते ती कमाई किती बुडाली यावर. सर्वोच्च न्यायालयाने राज कुमार विरुद्ध अजय कुमार या 2010 च्या निकालात हा फरक स्वच्छ मांडला आहे. डावा हात तुटलेला माणूस सुतार किंवा ड्रायव्हर असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण जाते, आणि तोच सरकारी कचेरीतला कारकून असेल तर त्याची नोकरी तशीच चालू राहू शकते. हात तोच, नुकसान वेगळं. मूठ न मिटणाऱ्या गवंड्याने थापी कशी धरायची?

हिशोब करून दाखवते. समजा न्यायाधिकरणाने महिना 15,000 रुपये उत्पन्न धरलं. वर्षाचे झाले 1,80,000. चाळिशीच्या आतल्या, स्वतःच्या हिमतीवर कमावणाऱ्या माणसाच्या उत्पन्नात पुढच्या वाढीपोटी 40 टक्के मिळवतात, म्हणजे 2,52,000. वर्षाचं उत्पन्न कितीने गुणायचं तो आकडा, म्हणजे गुणक, वयावरून ठरतो; 38 ला तो 15. गुणाकार 37,80,000. याचे 20 टक्के धरले तर 7,56,000 होतात आणि कमाईचं नुकसान 50 टक्के मानलं गेलं तर 18,90,000. उपचाराचा खर्च, बुडालेले महिने, वेदना यांचे पैसे वेगळे. तुमच्या बाबतीत नेमका किती टक्का धरला जाईल हे आज कुणीच सांगू शकत नाही. ‘आता मुकादमी करता येईल, वॉचमन होता येईल,’ असा युक्तिवाद समोरून येणारच. म्हणून त्यांचं काम नेमकं काय होतं, हे पुराव्याने उभं करावं लागतं.

त्यासाठी ठेकेदाराला साक्षीला तयार करा. काही ठेकेदार कोर्ट म्हटलं की अंग काढून घेतात, तर आतापासूनच त्यांच्याशी बोलून ठेवा. हजेरीची वही असेल तर तिचे फोटो काढा. मिस्टरांची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी आहे का बघा. ते कार्ड वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केल्याच्या दाखल्यावर मिळतं, म्हणून गवंडी असल्याचा तो चांगला पुरावा आहे. यातलं काहीच नसलं तरी दावा पडत नाही. 2014 मध्ये सय्यद सादिक यांच्या प्रकरणात भाजीविक्रेत्याकडे उत्पन्नाचा एकही कागद नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने महिना 6,500 रुपये धरले आणि पाय गेल्याने झालेलं कमाईचं नुकसान 85 टक्के मानलं.

दुसरी साक्ष डॉक्टरांची. नुसता दाखला फाईलला लावून भागत नाही. प्लेट घालणाऱ्या डॉक्टरांना वकिलाने तपशिलात विचारायला हवं : मनगट किती वळतं, पकड किती, भरलेलं घमेलं उचलता येईल का, गिलावा मारताना हात डोक्याच्या वर धरून ठेवता येईल का. टक्का न्यायाधीश ठरवतात, पण तो या उत्तरांवरूनच ठरतो. हे प्रश्न न विचारल्यामुळे चांगले दावे वीस टक्क्यांवर अडकलेले मी पाहिले आहेत, आणि त्याचा मला अजून राग येतो.

हेल्मेटचं फार मनावर घेऊ नका. धडक मागून बसली आणि मोडलं मनगट. हेल्मेट नव्हतं म्हणून अपघात झाला, असं त्यातून निघत नाही.

केस कराडलाच करायची सक्ती नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे सांगलीच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही अर्ज चालतो. कायद्यात मुदत सहा महिन्यांची लिहिली आहे. त्या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण तुम्ही त्या भरवशावर राहू नका, ऑगस्टच्या मध्यापर्यंत अर्ज दाखल करा. पोलिसांकडून एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा आणि अपघात अहवालाच्या प्रती मागून घ्या. 2022 च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अहवाल 48 तासांत न्यायाधिकरणाला कळवायचा असतो, आणि जखमीलाही त्याची प्रत द्यायची असते. ते उपकार करत नाहीत.

आणि तो एजंट. वॉर्डात फिरून ‘मिळेल त्यातले अमुक टक्के’ ठरवणाऱ्यांपासून लांब राहा. भरपाईच्या रकमेत वाटा घेण्याची वकिलांना मुभा नाही, एजंटाचा तर प्रश्नच नाही. वकील परवडत नसेल तर सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन अर्ज करा, निकषात बसलात तर वकील मोफत मिळतो.

एक शेवटचं, कारण हे मला पक्षकारांच्या घरात फार दिसतं. ‘हात सुधारला तर पैसे कमी मिळतील’ असं कुणी सांगितलं म्हणून फिजिओथेरपी बंद करू नका. ती चालू ठेवा आणि प्रत्येक वेळची पावती, एसटीचं तिकीटसुद्धा, एका पिशवीत जपून ठेवा. तो खर्चही मागता येतो.