कैरो बघायला किती दिवस ठेवावेत?
चार पूर्ण दिवस ठेवा. दोनच ठेवलेत तर पिरॅमिड आणि ट्रॅफिक एवढंच पदरात पडेल. कामानिमित्त तिथे राहिलोय म्हणून सांगतो, ठिकाणं दिशेप्रमाणे लावा. गिझाचे पिरॅमिड आणि नवं ग्रँड इजिप्शियन म्युझियम जवळजवळ आहेत, तरी एका दिवसात कोंबू नका. तुतनखामन या फेरोचा खजिना आता या म्युझियममध्येच आहे. राजांच्या ममी मात्र २०२१ पासून फुस्तात या जुन्या भागातल्या संग्रहालयात (लोक अजून तहरीर चौकातल्या जुन्या म्युझियममध्ये शोधत फिरतात!), तिथून कॉप्टिक कैरो, म्हणजे जुना ख्रिस्ती भाग, जवळ. सक्कारा या पायऱ्यांच्या पिरॅमिडच्या ठिकाणाला अर्धा दिवस. जुन्या शहरातला अल-मुइझ रस्ता आणि खान अल-खलिली बाजार पायीच; बाब झुवैला या जुन्या वेशीच्या मिनारावर उजेडी चढा. फक्त शुक्रवारी दुपारी मशिदी ठेवू नका, नमाजाच्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत.