शेतीच्या पदवीत 'व्यावसायिक संवाद' शिकून गावाकडे परतणाऱ्याच्या हाती काय लागते?

आपली धाकटी बहीण यंदा कृषी पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे आणि व्यावसायिक संवादाच्या तासांना ती कंटाळली आहे, असे आपण लिहिले आहे. पदवीनंतर गावातच राहून शेती करायची असेल, तर अर्जाचे नमुने, सादरीकरणे आणि प्रत्येक कामानंतरची आत्मपर टिपणे यांत वेळ का घालवायचा, हा तिचा प्रश्न आहे. इंग्रजीची धास्ती हे आणखी एक कारण आपण सांगितले आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका कोरडवाहू गावचा असून विदर्भातल्याच एका कृषी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला शिकतो. हा विषय पूर्ण करून, आणि त्यानंतर ग्रामीण कृषी कार्यानुभवाचे, म्हणजे आम्ही ज्याला 'रावे' म्हणतो ते सत्र गावात काढून मी हे उत्तर लिहीत आहे. माझे मत असे झाले आहे की, ज्या कामाचा कागद कोणा वाचणाऱ्याच्या हाती खरोखर गेला त्याने मला शिकवले, आणि जो केवळ गुणांसाठी तपासून परत आला त्याने फारसे काही दिले नाही. बहिणीने हा विषय असाच निवडून घ्यावा.

सुरुवातीचे तात्त्विक तास रटाळ वाटले तर त्यात तिचा दोष नाही. प्रेषक, संदेश, माध्यम, ग्राहक आणि व्यत्यय अशी जी आकृती फळ्यावर काढली जाते, तिचा उगम क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाच्या 1948 च्या लेखात आहे, आणि शॅनन यांच्यापुढचा प्रश्न तारेतून वा अन्य माध्यमातून जाणारा संदेश कमीत कमी बिघाडासह पलीकडे कसा पोहोचवावा हा होता. ऐकणाऱ्याला तो कळला का, पटला का, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. 'प्रतिसादा'चा बाण नंतरच्या लोकांनी जोडला. परीक्षेत आकृतीला गुण असतात म्हणून ती पाठ करावी हे ठीकच, पण प्रात्यक्षिकांत उपयोगी पडतो तो हा मागाहून जोडलेला बाण.

त्याचा अर्थ मला एका सूचनापत्रिकेने समजला. आमच्या मॅडमनी काम असे दिले होते की, 5 टक्के निंबोळी अर्क कसा तयार करावा याच्या सूचना लिहायच्या, सुटीत घरी गेल्यावर त्या प्रत्यक्ष शेतात राबणाऱ्या कोणाला तरी वाचून दाखवायच्या, ऐकणारा जिथे थांबेल किंवा उलट विचारेल तिथे समासात खूण करायची, आणि खुणांचा मसुदा व सुधारलेला मसुदा असे दोन्ही जोडून द्यायचे. कृती आम्हा सर्वांना तोंडपाठ होती: 5 किलो निंबोळीचा चुरा 9 लिटर पाण्यात रात्रभर भिजवावा, 200 ग्रॅम साबणाचा चुरा 1 लिटर पाण्यात वेगळा विरघळवावा, सकाळी अर्क फडक्यातून गाळून त्यात साबणाचे पाणी मिसळावे आणि एकूण द्रावण 100 लिटर करावे. कृषी विस्ताराच्या घडीपत्रिकांत हे असेच छापलेले असते आणि त्यात चूक काहीच नाही. मी ते काकूला वाचून दाखवले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले, "पंप त पंधराचा हाय, मंग पंपाले किती टाकाचं?" नंतर साबणावर गाडी अडली. "कोनती साबन, आंगाची का कपड्याची?"

हे दोन्ही प्रश्न बिनतोड होते. सूचना लिहिणाऱ्याने 100 लिटरचा हिशेब धरला, कारण टक्केवारी मोजायला तो सोयीचा असतो. काकूच्या घरात 100 लिटर हे माप कुठेच नाही, तिथे 15 लिटरचा पाठीवरचा पंप आहे. म्हणून दुसऱ्या मसुद्यात एका पंपाला पाऊण किलो चुरा, तो भिजवायला सुमारे दीड लिटर पाणी आणि 30 ग्रॅम कपडे धुण्याच्या साबणाचा चुरा असे प्रमाण आले. द्रावण पानावर नीट पसरून चिकटावे म्हणून साबण घालायचा, हे अर्धे वाक्यही जोडावे लागले. ते नसते तर साबण घरात नाही म्हणून तो वगळून फवारणी झाली असती. आणखी एक बदल मॅडमनी सुचवला, तो मला अजून फार मोलाचा वाटतो. आम्ही 'साहित्य' आणि 'कृती' असे दोन भाग केले होते, जसे प्रयोगवहीत करतात. त्यांनी ते खोडून 'आज संध्याकाळी' आणि 'उद्या सकाळी' असे भाग करायला सांगितले. अर्क ताजाच वापरायचा असतो आणि चुरा आदल्या रात्रीच भिजत घालावा लागतो, ही गोष्ट मग वेगळी सांगण्याची गरजच उरली नाही.

निंबोळी अर्कात प्रमाण थोडे चुकले तरी जिवावर बेतत नाही. रासायनिक औषधांचे तसे नाही, आणि आमच्या जिल्ह्यात ते कोणाला समजावून सांगावे लागत नाही: 2017 च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला. त्या घटनेची कारणे अनेक होती आणि ती सगळी लेखनकौशल्याच्या खात्यावर टाकणे बालिशपणाचे होईल. मात्र या विषयाच्या तासाला आम्ही जेव्हा कीटकनाशकाच्या डब्यांवरची माहितीपत्रके वाचायला घेतली, तेव्हा वाचक कोण याचा विचार किती ठिकाणी सुटतो ते दिसले. मात्रा हेक्टरी दिलेली असते, शेतकरी एकराने बोलतो आणि फवारणारा पंपाने मोजतो, म्हणजे एका आकड्याला दोनदा भागाकार करावा लागतो. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा आणि हिरवा त्रिकोण विषारीपणाची उतरती पायरी दाखवतो. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक नव्हे, चौघांत सर्वांत कमी विषारी, हे गावात मी जिथे जिथे विचारले तिथे क्वचितच कोणी सांगू शकले. शिवाय डबा मालकाच्या घरी राहतो, आणि मजुराच्या वाट्याला ड्रममध्ये कालवलेले पाणी येते, ज्यावर कोणताही त्रिकोण नसतो. वाचकाचे विश्लेषण या नावाचे जे प्रकरण पुस्तकात आहे, त्यात वय, शिक्षण, भाषा अशा गोष्टी मोजल्या आहेत. कागद त्या माणसापर्यंत पोहोचतो तरी का, हा प्रश्न त्यात नव्हता, तो आमच्या चर्चेत निघाला.

अर्जलेखनाबद्दल बहिणीचा कंटाळा मी समजू शकतो, कारण नमुना म्हणून जे अर्ज दिले जातात ते कोणत्या तरी काल्पनिक कंपनीला लिहिलेले असतात. तिने त्याऐवजी गावातला खरा अर्ज घ्यावा. अतिवृष्टीने पीक खरडून गेल्यावर आमच्या शेजारच्या काकांनी तहसीलदारांच्या नावाचा अर्ज मला दाखवला होता. 'उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की' येथून सुरुवात करून पाऊण पान कर्ज, मुलीचे शिक्षण आणि नापिकी यांत गेले होते. गट क्रमांक कुठेच नव्हता. टेबलापलीकडच्या माणसाला नेमके काय हवे असते? मौजा, गट क्रमांक, बाधित क्षेत्र, पीक, नुकसानीची तारीख, आणि अर्जदाराला काय हवे आहे ते, म्हणजे पंचनामा. 'दोन एकर' हे बोलायला ठीक आहे, पण सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, तेव्हा तिथे 0.81 हे. आर. असे लिहिले की पडताळणाऱ्याचे काम वाचते. आम्ही मागणी वर घेतली, तपशील मध्ये ठेवले, सातबारा व आठ-अ जोडल्याची नोंद खाली केली आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घेतली. काकांच्या अडचणींचे वाक्य मात्र मी काढू दिले नाही, मग वर्गात संक्षेपाचा कितीही आग्रह असो. माणूस आपली अडचण सांगायला गेला आहे, ती एका वाक्यात का होईना अर्जात असली पाहिजे.

सभावृत्ताचे काम असेच अनपेक्षितपणे कामी आले. ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे वर्षात किमान चार ग्रामसभा होतात आणि त्यांच्या प्रोसिडिंगमध्ये ठराव, सूचक, अनुमोदक आणि 'सर्वानुमते मंजूर' एवढे ठरलेले असते. कायद्याच्या दृष्टीने ते पुरेसे असेलही. आम्हाला वर्गात शिकवलेल्या नमुन्यात त्यापुढे दोन रकाने होते: काम कोणाचे आणि केव्हापर्यंत. आईच्या बचत गटाच्या वहीत मी ते दोन रकाने आखून दिले. बँकेत कर्जप्रस्ताव देण्याचे काम, जे दर सभेला 'चर्चा झाली' या शब्दांत संपत असे, त्याच्यापुढे अध्यक्ष आणि सचिव यांची नावे व पुढच्या सभेची तारीख पडली, आणि प्रस्ताव गेला. आईने या विषयाला दिलेला हा एकमेव शेरा: "हे बरं शिकवते तुमच्याकडे."

सादरीकरणाबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. वर्गातल्या पडद्यावरच्या स्लाइडी मला आवडत नाहीत, त्यांत बोलणारा पडद्याकडे तोंड करून वाचत राहतो. 'रावे'मध्ये गावाचा नकाशा चौकात रांगोळीने जमिनीवर काढायचा असतो, आणि तो काढताना गावातली माणसे भोवती जमतात. आमच्या गटाने नकाशा अर्धा केला असताना एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आत आले आणि म्हणाले, "नाला इकून नाही जात, बाबू, तिकून जाते," आणि त्यांनी काठीनेच रेघ ओढली. त्यानंतर विहिरी, बांध आणि पांदण रस्ते लोकांनीच सांगितले. ज्यांनी वर्गात सादरीकरणाला पूर्ण गुण मिळवले होते ते कृषीदूत, म्हणजे आम्ही 'रावे'चे विद्यार्थी, त्या दिवशी गप्प उभे होते, आणि ते योग्यच होते. श्रोत्याला मध्ये बोलू देणे हे सादरीकरणाच्या गुणपत्रिकेत यायला हवे असे मला वाटते.

गटचर्चेबद्दल सांगण्यासारखे फार नाही. समाजमाध्यमे शाप की वरदान असल्या विषयांवर जो मोठ्याने बोलतो त्याला गुण पडतात. परिचयपत्र, म्हणजे नोकरीसाठीचा बायोडेटा, एकदा नीट करून ठेवावे, आणि त्यात घरच्या शेतावरचे काम लाजेने वगळू नये. सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक स्वतः सांभाळले असेल, तर ते क्षेत्र आणि हंगाम यांसह लिहिण्याजोगे काम आहे.

आता आत्मपर टिपणांविषयी, ज्यांचा तिला सर्वांत जास्त राग आहे. तो राग बहुधा यामुळे आहे की त्यांचा साचा ठरून गेलेला असतो: 'या उपक्रमामुळे माझा आत्मविश्वास वाढला व संवादकौशल्य विकसित झाले.' आमच्या वर्गातल्या अर्ध्या वह्यांत हे वाक्य होते आणि ते नेमक्या कोणत्या उपक्रमाखाली आहे हे वाक्य वाचून ओळखता येत नव्हते. टिपणात आपल्याला काय वाटले हे लिहायला बसले की असेच होते. त्याऐवजी वाचणाऱ्याने काय केले ते लिहावे: कुठे थांबला, काय विचारले, कोणता शब्द त्याने बदलून उच्चारला, कागद घडी करून खिशात ठेवला की तिथेच टाकला. मॅडमचा आग्रह हाच होता, आणि त्यामुळे माझ्या टिपणांत माझ्याविषयी फारच थोडे आहे. 'रावे'च्या साप्ताहिक अहवालाला त्या टिपणांची भाषा जशीच्या तशी उपयोगी पडली, कारण तिथेही शेतकऱ्याने सल्ला ऐकून पुढे काय केले हेच विचारले जाते. गुलाबी बोंडअळीसाठी लावलेल्या कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगाला ओढणाऱ्या सापळ्यात, सलग तीन रात्री प्रत्येकी 8 पतंग आढळले तर उपाय सुरू करावा, हा संदेश आम्ही गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला होता. अहवालात 'संदेश पाठवला' असे लिहिण्यापेक्षा 'दोघांनी विचारले की सापळे दोन असतील तर बेरीज धरायची का' असे लिहिणे जास्त उपयोगाचे ठरले, कारण पुढच्या संदेशात आम्ही 'प्रत्येक सापळ्यात' हे शब्द ठळक केले.

राहिली इंग्रजी. ती टाळता येणार नाही, हे तिला स्पष्ट सांगावे: बँकांच्या कृषी क्षेत्र अधिकारी पदाच्या परीक्षेत इंग्रजीचा भाग असतो, आणि गावात राहायचा बेत आज असला तरी उद्या ही परीक्षा द्यावीशी वाटू शकते. पण व्यावसायिक संवादाचा विषय म्हणजे इंग्रजी संभाषणाचा वर्ग असे समजून ती मागच्या बाकावर बसत असेल, तर तिने पुढे यावे. सूचनापत्रिका, अर्ज आणि सभावृत्त ही कामे आधी मराठीत पक्की करून मग इंग्रजीत उतरवली, तर निदान काय सांगायचे आहे याचा गोंधळ उरत नाही, फक्त कसे सांगायचे एवढाच प्रश्न राहतो. पुढचे काम येईल तेव्हा विषय स्वतःच्या शेतातला निवडण्याची परवानगी तिने मागावी आणि इंग्रजी प्रतीसोबत मराठी प्रतही जोडू द्यावी अशी विनंती करावी. आमच्याकडे ती मान्य झाली होती, आणि मॅडमनी शेरे दोन्ही प्रतींवर दिले होते.