परदेशी ग्राहकांशी बोलताना इंग्रजी नाव सांगणे हा खोटेपणा आहे का?

आपल्या धाकट्या बहिणीला चिपळूणमध्ये घरी बसून अमेरिकी ग्राहकांचे फोन घेण्याची नोकरी मिळाली आहे आणि कंपनीने तिला ‘एमिली’ हे नाव वापरायला सांगितले आहे. हे खोटे बोलणे ठरते का आणि पुढे कायद्याचे काही लचांड मागे लागेल का, असे आपण विचारले आहे. मी गुहागर तालुक्यातली. ऐरोली आणि मालाडला अनेक वर्षे रात्रपाळीत हेच काम केले आणि आता ते गावच्या घरातून करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

कायद्याचे आधी सांगते. तोतयेगिरी करून फसवणूक करण्याबद्दल भारतीय न्याय संहितेत कलम ३१९ आहे. तोतयाने घेतलेले नाव खऱ्या माणसाचे असो की काल्पनिक, गुन्हा घडू शकतो. मात्र त्यासाठी मुळात फसवणूक झालेली असावी लागते. कंपनी खरी, ग्राहक तिचाच, त्याची तक्रार खरी आणि तिचे निवारणही खरे, असे असताना केवळ फोनवरचे नाव वेगळे असल्याने कोणाची फसवणूक होत नाही. याच्या उलट ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या ज्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तिथली मुले अमेरिकी नावे घेऊन आपण तिकडच्या कर खात्याचे अधिकारी आहोत असे सांगत आणि अटकेची भीती घालून लोकांकडून गिफ्ट कार्डांच्या रूपाने पैसे उकळत. तिथे गुन्हा नावात नव्हता, अधिकारी असल्याच्या बतावणीत आणि पैसे लुबाडण्यात होता. आपल्या बहिणीला ग्राहकाकडून कोणत्या कारणासाठी पैसे किंवा खात्याची माहिती मागायला सांगतात, हे नावापेक्षा आधी पाहावे.

ही प्रथा का पडली, याची कारणे सगळीच वाईट नाहीत. फोन जितका लवकर आटोपेल तितका कंपनीला हवा असतो, आणि नाव तीनदा सांगण्यात गेलेला वेळही मोजला जातो. शिवाय २००० नंतरच्या काही वर्षांत काम भारतात गेल्याचा राग अमेरिकेत पुष्कळ होता आणि तो पहिल्या वाक्यातच फोन घेणाऱ्यावर निघत असे. मला सर्वांत पटणारे कारण मात्र सुरक्षिततेचे आहे. माझ्या टीममधल्या एका मुलीने ग्राहकाला आपले पूर्ण नाव सांगितले. परतावा नाकारला गेल्यावर त्याने तिला फेसबुकवर शोधून काढले आणि नाही नाही ते संदेश पाठवले. कॉल सेंटरच्या फ्लोअरवर ज्याला एलियस म्हणतात, ते कामापुरते घेतलेले नाव अशा वेळी मुलींना फार मोठा आधार असते.

तरीही परक्या नावाला माझा विरोध आहे. माझे नाव मृण्मयी. पहिल्या प्रोसेसमध्ये, म्हणजे एका परदेशी कंपनीच्या ग्राहकांचे फोन घेण्याच्या कामात, मला ‘मेगन’ केले गेले, आणि त्या नावापाठोपाठ उच्चार, मग हवामानाच्या गप्पा, मग ‘आज तिकडे बर्फ पडतोय का’ या प्रश्नाला द्यायचे ठरावीक उत्तर, असे एकेक येत गेले. नावाने कोणाचे नुकसान होत नाही, पण त्या नावाला शोभेल असे गाव सांगण्याची वेळ आली की खोटे सुरू होते. परदेशातल्या कर्मचाऱ्याने आपण कोठून बोलतो हे सांगितले पाहिजे, अशी तरतूद असलेली विधेयके अमेरिकी काँग्रेसमध्ये आजवर अनेकदा मांडली गेली आहेत. तिथल्या लोकांचा खरा आक्षेप कशाला आहे, हे त्यावरून कळते. आमच्याबरोबर मालवणचा एक ख्रिस्ती मुलगा होता. बाप्तिस्म्यापासून त्याचे नाव व्हिन्सेंट, घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या अशीच नावे. पण ग्राहक त्यालाच दरडावून विचारत, ‘तुझे खरे नाव सांग.’ बाकीच्यांच्या उसन्या नावांमुळे त्याचे स्वतःचे नाव खोटे ठरत होते, याचे मला आजही वाईट वाटते.

पुढच्या नोकरीत मी टीम लीडरकडे ‘मयी’ हे नाव मागून घेतले. ‘थँक यू फॉर कॉलिंग, धिस इज मयी’ असे सावकाश म्हटले की बहुतेकांना ते एकदाच ऐकून कळते. कोणी अडलेच तर एम फॉर मेरी करत चार अक्षरे सांगायची. आडनाव सांगायचे नाही, त्याऐवजी कर्मचारी क्रमांक द्यायचा. सुरक्षितताही राहते आणि हाक आली की ती आपल्यालाच आहे असे वाटते. घरातून काम करताना याचे महत्त्व वाढते. न्यूयॉर्कला सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे दिवेलागण झालेली असते, आणि पडवीत बसलेल्या आईला आतल्या खोलीतले प्रत्येक वाक्य ऐकू जाते. आपली मुलगी दुसऱ्याच नावाने अजिजीने माफी मागते आहे, हे ऐकणे कोणत्याही आईला जड जाते.

म्हणून आपल्या बहिणीने नोकरी सोडू नये, पण स्वतःच्या नावाचे सुटसुटीत रूप चालेल का, हे प्रशिक्षणातच विचारावे. पुष्कळ कंपन्या ते मान्य करतात. ‘एमिली’च घ्यावे लागले तर घ्यावे, मात्र कोठून बोलतेस असे कोणी विचारल्यास ‘भारतातून’ म्हणण्याची मुभा आहे ना, हे नक्की करून घ्यावे आणि ती नसेल तर दुसरी जागा पाहावी. नेमणुकीचे पत्र, पगाराचे खाते आणि भविष्य निर्वाह निधी यांवर आधारवरचेच नाव असावे, आणि एलियस केवळ ग्राहकांशी बोलण्यापुरते आहे, असे कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्यावे.