डिझाइन स्टुडिओत वेगवेगळ्या पार्श्वभूमीची माणसे यावीत, यासाठी नेमके काय करावे?

आपला सहा जणांचा स्टुडिओ आहे, सगळे साधारण एकसारख्या घरांतून आणि दोन-तीनच महाविद्यालयांतून आलेले आहेत, आणि हे बदलायचे आहे, असे आपण लिहिले आहे. मी पुण्यात बारा वर्षे ॲपच्या डिझाइनचे काम करते आणि गेली काही वर्षे उमेदवार निवडण्याची जबाबदारीही माझ्याकडे आहे. माझे मत असे की, आधी निवडीची पद्धत बदलावी. प्रशिक्षणाची सत्रे वगैरे नंतर पाहता येतील.

महाराष्ट्रात हात चांगला असलेल्या मुलांची वाण नाही. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना गावोगावची मुले बसतात. मात्र डिझाइनच्या पदवीसाठी आयआयटी मुंबई घेत असलेली यूसीड ही परीक्षा कोणत्याही शाखेतून बारावी करणाऱ्याला देता येते, हे त्यांतल्या अनेकांच्या कानावरही पडलेले नसते, आणि पडले तरी प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. केंद्रीय शिक्षणसंस्थांत अनुसूचित जातींसाठी 15, अनुसूचित जमातींसाठी 7.5 आणि इतर मागासवर्गीयांसाठी 27 टक्के जागा राखीव असतात, शिवाय 2016 च्या कायद्याने दिव्यांगांसाठी किमान 5 टक्के. पण खासगी स्टुडिओवर असे कोणतेही बंधन नसल्यामुळे तेथे ‘कल्चर फिट’ नावाची फूटपट्टी चालते, जिचा अर्थ बहुतेक वेळा ‘आपल्यासारखा बोलणारा’ एवढाच असतो.

एक उदाहरण सांगते. धाराशिव जिल्ह्यातला एक मुलगा मुलाखतीला आला होता. तालुक्याच्या गावी फ्लेक्सच्या दुकानात त्याने चार वर्षे कोरलड्रॉ या चित्रांच्या सॉफ्टवेअरवर काम केले होते, आणि पोर्टफोलिओ म्हणून त्याच्याकडे मोबाइलमधले वाढदिवसाच्या फ्लेक्सचे फोटो होते. इंग्रजी प्रश्नांना तो ‘येस मॅडम’च्या पुढे जाईना. सहकाऱ्याने नाव खोडलेही होते. मग मी मराठीत विचारले की, या फ्लेक्सवर नाव इतके वर का घेतले आहे? तो म्हणाला की, हा फ्लेक्स चौकातल्या पानटपरीमागे लागतो, खालचा हातभर भाग टपरीच्या पत्र्याआड जातो आणि मोटरसायकलवरचा माणूस दोन सेकंद मान वर करतो. तेवढ्यात नाव आणि चेहरा दिसलाच पाहिजे, बाकीचे वीस फोटो ज्यांचे त्यांनी शोधावेत. वापरणारा कुठून आणि किती वेळ पाहतो याचा इतका नेमका विचार त्या आठवड्यातल्या एकाही चकचकीत पोर्टफोलिओत मला दिसला नव्हता.

त्यानंतर आम्ही मुलाखत उमेदवाराच्या पसंतीच्या भाषेत घेऊ लागलो, चाचणीसाठी दिलेल्या कामाचे पैसे देऊ लागलो आणि बिनपगारी इंटर्नशिप बंद केली. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण पुण्यात कॉट बेसिसवर राहून सहा महिने फुकट काम करणे ज्याचे वडील भाडे भरू शकतात त्यालाच परवडते, आणि पुढे अनुभवी म्हणून नोकरीही त्यालाच मिळते.

दिव्यांग व्यक्तींबाबत आमचे वर्तन बराच काळ केवळ कागदी होते. अक्षरे आणि त्यांची पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणाचा फरक, किमान 4.5 ला 1 ठेवायचा हा नियम पाळला की आम्ही निश्चिंत होत असू. पुढे बिल भरण्याचे एक ॲप एका अंध गृहस्थांना वापरायला दिले, तेव्हा स्क्रीनवरचे वाचून दाखवणारा त्यांचा फोन तीन वेळा ‘लेबल नसलेले बटण’ एवढेच बोलला. त्या तिघांतले पैसे भरण्याचे कोणते आणि रद्द करण्याचे कोणते, हे त्यांना कळण्याचा मार्गच नव्हता. 2011 च्या जनगणनेत देशात 2.68 कोटी दिव्यांग नोंदले गेले होते, आणि आमच्या चाचण्यांना तोवर त्यांतला एकही माणूस आलेला नव्हता. आता असे परीक्षक कामाच्या सुरुवातीलाच बोलावले जातात आणि त्यांना इतर सल्लागारांइतकेच मानधन मिळते. चहा-बिस्किटांवर भागवू नये.

राहिला पगार. त्या फ्लेक्सवाल्या मुलाला आम्ही घेतले तेव्हा, पगाराची अपेक्षा विचारल्यावर त्याने जो आकडा सांगितला तो आम्ही आनंदाने मान्य केला, आणि त्याच वेळी रुजू झालेल्या, तेच काम करणाऱ्या मुलीपेक्षा तो बराच कमी आहे, हे वर्षभराने पगारवाढीचा तक्ता करताना माझ्या लक्षात आले. तिचा मामा याच क्षेत्रात असल्यामुळे किती मागायचे हे तिला ठाऊक होते. त्याच्या ओळखीत विचारायला कोणी नव्हते. आम्ही फरकाची रक्कम मागील वर्षासह दिली. तेव्हापासून अपेक्षा विचारणे बंद केले असून पगाराचा आकडा आम्ही जाहिरातीतच छापतो, आणि ती जाहिरात मराठीतही काढून जिल्ह्याच्या ठिकाणच्या कला महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर लावायला पाठवतो.