गोल्फमध्ये गुण कसे मोजतात? क्लब फिरवला पण बॉलला लागलाच नाही, तर तो शॉट धरतात का?

धरतात. बॉल मारायच्या इराद्याने क्लब, म्हणजे गोल्फची काठी, खाली आणला की एक झाला, मग बॉल जागचा हलो वा न हलो. तुम्ही सहज विचारलं असेल, पण याच एका शॉटपायी मी सोळाव्या वर्षी तीन आठवडे घरी बसलो होतो.

मी पुण्यात कॅडी होतो, म्हणजे खेळाडूची बॅग उचलणारा. थोरला भाऊ आधीपासून बॅगा उचलायचा, त्यानेच मला कॅडी मास्तरपुढे नेऊन उभं केलं. त्या रविवारी गोल्फ संस्थेची महिन्याची स्पर्धा होती, स्ट्रोक प्ले. म्हणजे अठरा होलचे (बॉल घालायच्या खड्ड्यांचे) सगळे शॉट मोजायचे, ज्याचे कमी तो जिंकला. पार चारचा होल, म्हणजे चांगल्या खेळाडूने चार शॉटांत संपवायचा. ज्यांची बॅग माझ्याकडे होती त्या साहेबांचा पहिला शॉट उजवीकडे बाभळीत गेला. एक. बॉल मुळाशी अडकलेला. साहेबांनी पाय रोवले, पूर्ण ताकदीने क्लब आणला आणि तो बॉलच्या वरून निघून गेला. दोन. मग आडवा मारून बाहेर काढला, तीन. चौथ्यात ग्रीनवर, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या बारीक गवतावर. तिथून बॉल खड्ड्यात ढकलायला दोन हलके शॉट. सहा झाले, डबल बोगी, म्हणजे पारपेक्षा दोन जास्त.

कार्ड सोबतच्या खेळाडूकडे असतं, त्याला मार्कर म्हणतात. तो पलीकडच्या कडेला होता, बाभळीतलं त्याला दिसलं नव्हतं. "किती?" त्याने विचारलं. साहेब म्हणाले, "पाच."

मी म्हणालो, "साहेब, सहा. झाडाखाली दोन झाले."

"तो सरावाचा होता रे."

सरावाचा स्विंग मोजत नाहीत, हे खरंय. पण सराव करणारा बॉलपासून हातभर लांब उभा राहतो आणि चुकल्यावर शिवी हासडत नाही. मी पुन्हा सहाच म्हणालो. मार्करने सहा लिहिले. दुसऱ्या दिवसापासून कॅडी मास्तरने माझा नंबर पुकारलाच नाही.

दादा घरी चिडला. म्हणाला, "आपण बॅग उचलायची, तोंड उघडायचं नाही. कॅडी खेळाडूचा असतो, मार्करचा नाही." आज इतक्या वर्षांनीही दिवाळीला विषय निघाला की तो हेच म्हणतो.

पण मी खेळाडूचाच होतो, हे त्याला कळत नाही. खरे सहा असताना पाच लिहून सही केली, तर खेळाडू स्पर्धेतून बाद होतो. उलट जास्त लिहून सही केली, तर तो जास्तीचा आकडाच कायम राहतो. १९६८ साली अमेरिकेत ऑगस्टाला मास्टर्स या मोठ्या स्पर्धेत रॉबर्टो डी व्हिसेन्झो या खेळाडूने सतराव्या होलवर तीन मारले, मार्करने चार लिहिले आणि त्याने न बघता सही केली. त्या दिवसाचे ६५ चे ६६ झाले, प्लेऑफ (बरोबरी झाल्यावरचा निकाली खेळ) हुकला, एका शॉटने स्पर्धा गेली. टोकियो ऑलिंपिकमध्ये आपल्या अदिती अशोकचं कांस्य गेलं तेही एकाच शॉटने. चार दिवस मारलेल्या अडीचशेच्या वर शॉटांमध्ये एकच. "एकाने काय होतं?" असं विचारणाऱ्याने हा खेळ खेळू नये.

राहिलं गुणांचं. पारपेक्षा एक कमी म्हणजे बर्डी, दोन कमी ईगल, एक जास्त बोगी. पाण्यात गेला तर एक दंड. हद्दीबाहेर गेला तर एक दंड आणि पुन्हा त्याच जागेवरून मारायचं, हे सगळ्यात महागात पडतं. हँडिकॅप, म्हणजे खेळाडूच्या कुवतीप्रमाणे मिळणारी शॉटांची सूट, १८ असेल आणि पार ७२ च्या कोर्सवर ९० मारले, तर निव्वळ ७२ धरतात. मॅच प्लेमध्ये एकूण बेरीज नसते, होल कोणी जिंकला तेवढंच बघतात.

मित्रामित्रांत खेळताना हवं तसं मोजा, त्याला माझी हरकत नाही. आणि मी कोर्स सोडून बरीच वर्षं झाली, मधे नियमही बदलले. एकाच स्विंगमध्ये क्लब चुकून बॉलला दोनदा लागला तर पूर्वी दंड पडायचा, २०१९ पासून तो एकच शॉट धरतात. हरवलेला बॉल शोधायला पाच मिनिटं मिळायची, आता तीन. बॉलला न लागलेल्या शॉटचा नियम मात्र तोच आहे.

कॅडी घेतलात, तर होल संपल्यावर आकडा सांगण्याआधी त्या पोराला विचारा, "किती झाले?" तुमच्यापेक्षा एक जास्त सांगितला, तर कोणता ते ऐकून घ्या आणि पुढच्या रविवारी बॅग त्यालाच द्या.