सॅन डिएगोचं मळभ

प्रश्न : लेक अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोला असते. मे-जून तिच्याकडे राहायला जाणार आहोत. तिथे बारा महिने हवा छान, असं सगळे सांगतात. तुम्ही मुलाकडे राहून आलात. गरम कपडे खरंच लागत नाहीत का? आणि काय आवर्जून बघावं?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, स्वेटर आणि शाल हाताशीच ठेवा. हवा छानच आहे, पण या दिवसांत रात्री समुद्रावरून मळभ चढतं, ते कधी कधी दुपारपर्यंत हटत नाही. तिथले लोक त्याला 'मे ग्रे' आणि 'जून ग्लूम' म्हणतात. पहिल्या दिवशी मी मुलाला छत्री घ्यायला लावली, इतकं आभाळ भरून आलं होतं. पाऊस मात्र नाहीच. वर्षाला जेमतेम २५० मिलिमीटर, तोही हिवाळ्यात. उत्तरेकडून येणाऱ्या प्रवाहामुळे तिथलं पाणी गार, आणि त्यावरची दमट हवा थंडावून खाली ढग धरते. आपल्या गुहागरच्या पाण्याच्या सवयीने पाय घालाल तर पोटऱ्यांपर्यंत कळ जाईल.

म्हणून मळभ असलेल्या सकाळीच पॉइंट लोमाचं जुनं दीपगृह बघा. १८५५ साली ते पेटलं. जागा समुद्रापासून ४२२ फूट उंच, दिवा लांबून दिसावा म्हणून. पण नेमके हे खाली उतरलेले ढग दिव्याला झाकून टाकत. शेवटी १८९१ साली ते बंद करून खाली पाण्यालगत नवं बांधलं. आत अरुंद गोल जिना आणि दिवा सांभाळणाऱ्या कुटुंबाच्या छोट्या खोल्या आहेत. मी खिडकीशी उभी राहिले, तर बाहेर नुसतं पांढरं. त्या घरातल्या बाईने अशा किती सकाळी काढल्या असतील, या विचाराने माझा पाय निघेना.

ला होयाला खडकांवर समुद्रसिंह पसरलेले असतात. वास सुकत घातलेल्या मासळीहून उग्र येतो, तरी जाच. आईच्या पाठीवर मान टाकून झोपलेलं एक पिल्लू मी अर्धा तास बघत बसले होते.

ऊन हवंच असेल तर दीडेक तासावर डोंगरात ज्युलियन गाव आहे, तिथला 'ॲपल पाय', म्हणजे सफरचंद भरून भाजलेला गोड पदार्थ, खा. त्यापलीकडच्या वाळवंटात जूनमध्ये मुळीच जाऊ नका, भाजून निघाल.

आणि लेकीच्या गल्लीतून रोज सकाळी फिरून या. नीलमोहर तेव्हाच फुललेला असतो. मळभाखाली त्याचा जांभळा रंग उन्हातल्यापेक्षा गडद दिसतो.