परदेशातल्या बालगृहात आरोग्य स्वयंसेवकाचा दिवस कसा असतो?

तुम्ही लिहिलंय की नर्सिंगचं शेवटचं वर्ष चालू आहे, परीक्षेनंतर तीन आठवडे मोकळे आहेत आणि नेपाळमधल्या एखाद्या बालगृहात जाऊन मुलांची तपासणी आणि उपचार करायचे आहेत. तर तिथला दिवस कसा जातो?

तपासणी आणि उपचार हे शब्द आधी बाजूला ठेवा. मी साडेचार महिने राहिले आणि तेवढ्यात एकही इंजेक्शन दिलं नाही.

मी त्र्यंबकेश्वर तालुक्यात २७ वर्षं आरोग्यसेविका होते. उपकेंद्र, लसीकरण सत्रं, गृहभेटी आणि रजिस्टरं यांतच नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर ओळखीतून विषय निघाला आणि नोव्हेंबर २०२२ ते मार्च २०२३ मी ललितपूर जिल्ह्यातल्या एका बालगृहात होते. मुलं ३४, वयं चार ते सोळा. जागा काठमांडू खोऱ्याच्या दक्षिणेला, फुलचोकी डोंगराच्या पायथ्याशी, आणि गावाचं नाव गोदावरी! तिथल्या कुंडावर गुरू सिंह राशीत आला की, म्हणजे दर बारा वर्षांनी, मेळा भरतो. आपला सिंहस्थच तो. आयुष्यभर गोदावरीच्या उगमाजवळ नोकरी केली आणि निवृत्त होऊन पुन्हा गोदावरीलाच गेली, म्हणून घरच्यांनी भरपूर हसून घेतलं.

दिवस साडेपाचला सुरू होतो. घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे. चहा, मग अभ्यास. नऊच्या सुमाराला डाळभात, दहाला शाळा, चारला परत, मग खाजा. खाजा म्हणजे आपला गोड खाजा नव्हे, मधल्या वेळचं खाणं. संध्याकाळी सातला पुन्हा डाळभात आणि साडेआठला झोप. सुट्टी शनिवारी, रविवारी शाळा असायची, हे अंगवळणी पडायला मला महिना लागला.

माझं काम सकाळी सहाला जिन्याच्या पायरीवर सुरू व्हायचं. "हजुरआमा, पेट दुख्यो." हजुरआमा म्हणजे आजी, माझे पांढरे केस बघून त्यांनी पहिल्याच दिवशी नातं ठरवून टाकलं. रोज सात-आठ पोटं दुखायची. आधी मला जंत वाटले, मग वाटलं शाळा चुकवायची असेल. नंतर तक्ता मांडून बघितलं. संध्याकाळी सातला जेवलेलं मूल दुसऱ्या दिवशी नऊला जेवतं. मध्ये चौदा तास, आणि त्यात पहाटेचा काळा चहा. स्वयंपाकघरातल्या दिदींशी बोलून चहाबरोबर मूठभर चिउरा, म्हणजे पोहे, द्यायला सुरुवात केली. दुखणारी पोटं आठवड्यात दोनवर आली. त्या दोघांची खरंच दुखत होती आणि त्यांना स्वास्थ्य चौकीत नेलं.

नेपाळच्या स्वास्थ्य चौकीला आपलं उपकेंद्रच समजा. औषध द्यायचं ते तिथले लोक देणार. नर्स म्हणून काम करायचं तर नेपाल नर्सिङ परिषदेची नोंदणी लागते आणि माझी नोंदणी महाराष्ट्राची. त्यामुळे मी ताप मोजायचा, जखम धुवायची, पाण्यात जीवनजल (ओआरएसचं तिथलं नाव) कालवून पाजायचं आणि गरज असेल तर मुलाला घेऊन चालू पडायचं. एका मुलाला कुत्रं चावलं तेव्हाही मी एवढंच केलं: नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धू धू धुतलं आणि लगेच मायक्रोबस पकडून लगनखेलला, तिथून लसीसाठी रुग्णालयात. मूल ओरडत होतं म्हणून वॉर्डन म्हणाले, पुरे आता. मी घड्याळ दाखवलं.

भाषेचं म्हणाल तर लिपी आपलीच असल्यामुळे पाट्या, डब्यांवरची नावं पहिल्या दिवसापासून वाचता येतात आणि त्यानेच माणूस फसतो. खोकी म्हणजे खोकलाच, पण लुतो म्हणजे खरूज, जुम्रा म्हणजे उवा, जुका म्हणजे जंत. पहिल्या आठवड्यात दिदी एका छोट्याकडे बघून म्हणाल्या, "बाबुलाई घाममा राख्नुस्." मी त्याच्या कपाळाला, मानेला हात लावून घाम शोधत बसले. नेपाळीत घाम म्हणजे ऊन. पोराला उन्हात बसवा, एवढंच त्या सांगत होत्या.

आता खरजेबद्दल सांगते, कारण माझा अर्धा डिसेंबर तिच्यात गेला. थंडीत एका खोलीत आठ मुलं, दोघांत एक सिरक (रजई). एकाच्या बोटांच्या बेचक्यात पुरळ दिसले, मनगट बघितलं, कंबर बघितली आणि मला पुढचं सगळं कळलं. स्वास्थ्य चौकीतून परमेथ्रिनचं मलम ठरलं. ते मानेपासून तळपायापर्यंत, नखांच्या खाली, बेंबीत, सगळीकडे लावायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी आंघोळ आणि सात दिवसांनी पुन्हा तेच. आणि हे सगळ्यांनी एकाच रात्री करायचं, खाज असो वा नसो. मुलं ३४, मोठी माणसं सहा, त्यात मीही. जानेवारीकडे झुकलेली थंडी, पारा चार-पाच अंशांवर, आणि ओळीत उभी उघडी पोरं कुडकुडताहेत; एक जण दात वाजवून तालावर गाणं म्हणतोय. कपडे उकळून वाळवले. सिरका काही धुता येत नाहीत, वाळणार कधी? म्हणून त्या प्लास्टिकच्या पोत्यांत घालून तोंडं बांधून चार दिवस गच्चीवर ठेवल्या. खरजेचा किडा माणसाच्या अंगावाचून दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. तेवढ्या रात्रींसाठी शेजारच्या घरांतून रजया मागून आणल्या.

तीन आठवड्यांत खरूज परत आली.

चूक माझी होती. चौदा-पंधरा वर्षांच्या चार मुलांना मी ट्यूब हातात देऊन सगळ्यांदेखत "कुठे कुठे लावायचं" ते सांगितलं होतं. लाजेने त्यांनी हातांना लावलं आणि बाकी ट्यूब गादीखाली ठेवून दिली. दुसऱ्या फेरीला मी तिथे थांबलेच नाही. दिदींच्या नवऱ्याने मुलांना वेगळ्या खोलीत नेऊन सांगितलं. या वेळी खरूज गेली. २७ वर्षं नोकरी करूनही मला हे सुचू नये!

मुलांच्या वजन-उंचीच्या नोंदी करतानाही असंच तोंडावर पडले. नेपाळमध्ये सगळा कारभार विक्रम संवताचा. लसीचं कार्ड, जन्मदाखला, शाळेचा दाखला, सगळीकडे २०७० नि २०७४. मी सरसकट ५७ वजा करत होते. एका मुलीची जन्मतारीख फागुन २०७४. माझ्या हिशेबाने २०१७ ची, म्हणजे पावणेसहा वर्षांची. उंची १०२ सेंटिमीटर. तक्त्यावर ठिपका थेट खालच्या लाल रेषेखाली. मी वॉर्डनपुढे जाऊन कुपोषण, वाढ खुंटली, असं बरंच बोलले. दिदी भाजी निवडता निवडता बोटांवर मोजून म्हणाल्या, पावणेपाच. त्यांचं वर्ष वैशाखात बदलतं, त्यामुळे माघ-फागुन-चैत्रात जन्मलेल्यांचे ५६ वजा करायचे. पावणेपाचला तीच उंची थोडी कमी, पण ठीक. मुलगी धडधाकट होती. मग सगळी ३४ कार्डं पुन्हा काढली आणि रजिस्टरमध्ये दोन्ही तारखांचे रकाने आखले.

रजिस्टर का, तेही सांगते. मी गेले तेव्हा माझ्या पिशवीत अल्बेंडाझोलची पाकिटं होती. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना जंताची गोळी, हा आपला नेहमीचा शिरस्ता. विचारल्यावर कळलं की शाळेत गोळी देऊन झालीय. शाळेच्या आधी परदेशी स्वयंसेवकांचा एक गट दोन आठवडे येऊन गेला होता, त्यांनीही दिली होती. म्हणजे मी दिली असती तर तीन महिन्यांत तिसरी. येणारा प्रत्येक जण उत्साहाने तीच गोळी, तेच टॉनिक, तोच दात घासण्याचा धडा; आणि लिहून कोणीच ठेवलेलं नाही. मुलंही हुशार. नवं माणूस आलं की आधीच "आ" करून उभी राहायची.

यातल्या बहुतेक मुलांना आई-बाप आहेत, हेही जाण्याआधी माहीत असू द्या. शनिवारी फोनचा दिवस. कुणाचा बाप मलेशियात, कुणाचा कतारला, कुणाची आई हुम्लाच्या डोंगरात, जिथे फोनची रेंज मिळायला चढून जावं लागतं. १९९६ ते २००६ च्या यादवीत कर्णाली भागातून कितीतरी मुलं "शिकायला नेतो" म्हणून दलालांनी काठमांडूत आणली आणि अनाथ म्हणून ठेवली. २०१८ च्या बालक कायद्याने मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय ठरवलाय. म्हणून तुम्ही जाल त्या बालगृहाला आधी विचारा: मुलांच्या घरच्यांशी संपर्क आहे का, कुणी घरी परत गेलंय का? उत्तर द्यायला का-कू करणाऱ्या, पण फीचा आकडा लगेच पाठवणाऱ्या ठिकाणी जाऊ नका. मला अशा एका ठिकाणाहून आधी फोटोंचा अल्बम आला होता, मुलांच्या नावांसकट.

शनिवारचं राहिलंच. तो माझा सगळ्यात आवडता दिवस. आंघोळी, नखं, आणि मग गच्चीवर उन्हात तोरीचं, म्हणजे मोहरीचं, तेल चोळून उवांची फणी. एकीच्या मागे एक अशा मुली रांगेत बसायच्या, आगगाडीच. तेव्हाच कोण शाळेत रडतं, कोण गादी ओली करतं, कोणाला रात्री दिसायला त्रास होतो, हे सगळं कळायचं. सकाळच्या पायरीवर यातलं काहीच कोणी सांगत नसे. माघे सङ्क्रान्तीला तिळाचे लाडू आणि चाकू (हा तिथला घट्ट काळा गूळ) खाऊन आम्ही फण्या घेऊन बसलो होतो. मी "तिळगुळ घ्या, गोड बोला" शिकवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते वॉर्डनना ऐकवून दाखवलं.

तर, तीन आठवडे. पहिला आठवडा नावं पाठ होण्यात जाईल, दुसऱ्यात पोरं तुमच्या अंगाखांद्यावर खेळू लागतील आणि तिसऱ्यात तुम्ही निघाल. माझ्या मते तेवढ्यासाठी जाऊ नका. खरजेच्या दोन फेऱ्याही त्यात नीट बसत नाहीत. तीन-चार महिने काढता येत असतील तर जा, आणि जाल तिथल्या एका दिदीला सोबत घेऊनच प्रत्येक काम करा. आमचं रजिस्टर आता तिथल्या दिदीच चालवतात. मध्येच व्हॉट्सअ‍ॅपवर पानाचा फोटो येतो, तारखा संवताच्या. इंग्रजी तारखांचा माझा रकाना त्यांनी केव्हाच बंद केलाय. मी बोटांवर मोजते.

सामानात औषधं नेऊ नका, तिथे मिळतात. बारीक दातांच्या फण्या पाच-सहा, नेलकटर, चांगला तापमापक आणि स्वतःसाठी लोकरीचे पायमोजे भरपूर. व्हिसा लागत नाही. विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा.